मेलेल्या माशाची शंभर वर्षं

योकोहामात ॲलन ओस्टन नावाचा एक इंग्रज मेलेल्या जनावरांचा धंदा करी. पेंढा भरलेले पक्षी, वाळवलेले खेकडे, काचेच्या तंतूंसारखे खोल पाण्यातले स्पंज, स्पिरिटमध्ये बुडवलेले मासे, जे हाती लागेल ते तो विकत घेई आणि युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांना विकी. विशीच्या आतबाहेर असताना तो जपानात आला आणि तिथलाच झाला. शिडाच्या होड्यांचा त्याला नाद होता. 'गोल्डन हाइंड' नावाची स्वतःची यॉट होती आणि समुद्रातला माल गोळा करायला ती उपयोगी पडे. शास्त्रज्ञ म्हणून त्याला कोणी ओळखलं नाही, त्यानेही तसा दावा केला नाही. पण डोळा पारखी होता. वेगळं काही दिसलं की ते कुणाकडे पाठवायचं हे त्याला बरोबर कळे. म्हणूनच ग्वाम बेटावरची उडता न येणारी एक पाणकोंबडी, व्हिएतनामकडच्या जंगलातलं एक उदमांजर आणि कितीतरी मासे आज त्याच्या नावाने ओळखले जातात. या लेखाचा विषय असलेला मासा त्यांतलाच एक.

ओस्टनचा धंदा चालला तो सागामीच्या उपसागरामुळे. योकोहामाच्या दक्षिणेला, टोकियोपासून दिवसभराच्या अंतरावर, हा उपसागर किनारा सोडताच खोल उतरतो. हजार मीटरहून जास्त खोली गाठायला बाहेरच्या महासागरात जावं लागत नाही, वल्ह्याची होडीही पुरते. खोल पाण्यातल्या जिवांसाठी ब्रिटिशांनी 'चॅलेंजर' जहाज साडेतीन वर्षं जगभर फिरवलं. सागामीचे कोळी मात्र लांबलचक दोरीला गळ बांधून पिढ्यान्‌पिढ्या तेच जीव वर काढत होते आणि त्यातला न खाण्याजोगा भाग एनोशिमा बेटावरच्या दुकानांत यात्रेकरूंना शोभेच्या वस्तू म्हणून विकला जात होता. लुडविग ड्योडरलाइन हा जर्मन निसर्गवैज्ञानिक 1879 ते 1881 या काळात टोकियोत शिकवत होता. त्या दुकानांतले स्पंज पाहून हा किनारा काय आहे हे त्याच्या ध्यानात आलं. 1884 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल गार्मनने झालरदार कल्ल्यांच्या शार्कचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो सापासारखा लांबलचक शार्कही सागामीतलाच. 1886 मध्ये टोकियो विद्यापीठाने मिसाकी या कोळ्यांच्या गावात सागरी संशोधन केंद्र उघडलं आणि तिथे आओकी कुमाकिची नावाच्या कोळ्याला नमुने गोळा करायला नेमलं. कुमासान म्हणून तो प्रसिद्ध झाला. कुठल्या खडकाजवळ किती दोर सोडला की काय मिळतं हे त्याला तोंडपाठ होतं, आणि पुढे जगभरातून आलेले प्राध्यापक त्याच्या होडीत बसून निघत.

1898 च्या थोडं आधी योकोहामाजवळच्या खोल पाण्यातून एक लहान शार्क वर आला आणि ओस्टनच्या हाती पडला. लांबी अवघी 107 सेंटिमीटर, नर, वयात न आलेला. आपल्याकडच्या मासळीबाजारात मोरी किंवा मुशी पाहिलेल्या माणसाला शार्कचा आकार सांगायला नको, पण या माशाने तो आकार मोडला होता. डोळ्यांच्या पुढे, तोंडाच्या वर, एक लांब चपटं नाक निघालेलं, सुळक्यासारखं टोकाला निमुळतं होत गेलेलं. त्या नाकाखाली जबडे तोंडातून पुढे लोंबत होते, जणू कवळी निसटली आहे. जबड्यांत सुयांसारखे बारीक, वाकडे, दाटीने उगवलेले दात. अंग लिबलिबीत, पर लहान आणि गोलसर, शेपटी लांब पण दुबळी. जपानी कोळी याला तेंगूझामे म्हणत. तेंगू म्हणजे त्यांच्या कथांतलं लांब नाकाचं पहाडी भूत, आणि झामे म्हणजे शार्क.

ओस्टनने मासा काकिची मित्सुकुरी यांच्याकडे दिला. मित्सुकुरी हे टोकियो विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे पहिले जपानी प्राध्यापक. येल आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आलेले, मिसाकीच्या केंद्रामागचं डोकंही त्यांचंच. कोकिची मिकिमोतो नावाच्या होतकरू व्यापाऱ्याला शिंपल्यात मोती पिकवता येईल असा सल्ला याच प्राध्यापकांनी दिला होता. पुढे त्यातून काय झालं हे जगभरच्या सराफांना ठाऊक आहे. मित्सुकुरींनी हा मासा अमेरिकेत डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्याकडे सोपवला. दोघांची ओळख माशांमुळे नव्हे, सीलमुळे झालेली. उत्तर प्रशांत महासागरातल्या सीलची कातड्यांसाठी चाललेली कत्तल कशी थांबवायची या वाटाघाटींत जॉर्डन अमेरिकेच्या बाजूने आणि मित्सुकुरी जपानच्या बाजूने होते. 1897 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली तेव्हा दोघेही तिथे हजर होते.

जॉर्डन हे त्या काळातले अमेरिकेतले सर्वांत मोठे मत्स्यशास्त्रज्ञ, शिवाय स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. एका विद्यार्थ्याचं नाव लक्षात ठेवलं की एका माशाचं नाव विसरतं, अशी त्यांची तक्रार होती, असं सांगतात. माणसांच्या बाबतीत याच गृहस्थांनी पुढे 'सुप्रजनना'चा हिरिरीने पुरस्कार केला, त्याबद्दल आज त्यांचं नाव इमारतींवरून उतरवलं गेलं आहे, आणि ते योग्यच झालं. माशांच्या बाबतीत मात्र नजर पक्की होती. 1898 मध्ये कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात त्यांनी या माशाचं वर्णन छापलं, नाव ठेवलं मित्सुकुरिना ओस्टोनी. प्राध्यापक आणि व्यापारी दोघांचीही सोय एकाच नावात. एवढ्याशा एका पिल्लावरून त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: हा मासा कुठल्याही ज्ञात कुळात बसत नाही, त्याचं कुळ वेगळं, आणि तरीही त्याचं गोत्र मोठ्या पांढऱ्या शार्कचंच. दोन्ही गोष्टी आज, जनुकांची तपासणी झाल्यावरही, खऱ्या आहेत.

लंडनमध्ये मात्र आर्थर स्मिथ वुडवर्डना यात नवीन काही वाटलं नाही. वुडवर्ड हे ब्रिटिश म्युझियममधले जीवाश्म माशांचे जाणकार. लेबनॉनमध्ये साहेल आल्मा या ठिकाणच्या चुनखडीत क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनासोर हयात असतानाचे, मासे सापडतात. दगड इतका बारीक कणांचा की नुसते दात नव्हे, अख्ख्या शार्कचे ठसे मिळतात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, ती एरवी कुजून जाते, म्हणून अशा ठशांचं मोल फार. त्यात लांब नाकाचा एक शार्क होता. 1887 मध्ये जेम्स डेव्हिसने त्याला नाव दिलं, पण ते नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेलं निघालं. तेव्हा 1889 मध्ये वुडवर्डनी नवं नाव ठेवलं, स्कॅपॅनोऱ्हिंकस. जॉर्डनचा लेख वाचून त्यांनी 1899 मध्ये छोटं टिपण लिहिलं: हा तर आमचाच मासा, जपानच्या समुद्रात जिवंत राहिलेला दिसतो.

गंमत अशी की हे म्हणणं बरीच दशकं चाललं. कित्येक ग्रंथांत या माशाचं नाव स्कॅपॅनोऱ्हिंकस ओस्टोनी असं छापलं गेलं, आणि 'जिवंत जीवाश्म' हा शिक्का त्याच्यावर तेव्हापासून बसला. मग दात आणि पर नीट ताडून पाहिल्यावर दोन्ही वेगळे आहेत हे मान्य झालं आणि जॉर्डनचं नाव परत आलं. कुळ जुनं आहे, बारा-साडेबारा कोटी वर्षांइतकं. पण आजच्या माशाच्या प्रजातीचे अवशेष पाच कोटी वर्षांच्या अलीकडचेच सापडतात. मला स्वतःला 'जिवंत जीवाश्म' हा शब्द आवडत नाही. त्यात प्राणी जणू कोट्यवधी वर्षं काही न करता थांबून राहिला असा सूर आहे. याच वुडवर्डनी पुढे 1912 मध्ये आदिमानवाची म्हणून पुढे केलेल्या पिल्टडाउनच्या बनावट कवटीवर विश्वास ठेवला आणि त्यांच्या बाकीच्या कामावरही तीच सावली पडून राहिली. शार्कच्या बाबतीत त्यांची चूक प्रामाणिक होती. सारखी दिसणारी दोन नाकं त्यांनी एका माशाची मानली, एवढंच.

दरम्यान पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक राजा शार्क मोजत बसला होता. पोर्तुगालचा दों कार्लोस पहिला. राज्यकारभारात त्याची कारकीर्द फारशी सुखाची नव्हती, कर्ज डोईजड झालं होतं आणि लिस्बनच्या रस्त्यांवर प्रजासत्ताकवादी वाढत होते. पण 1896 पासून हा माणूस 'आमेलिया' नावाच्या यॉटवर, राणीचंच नाव दिलेल्या, दरवर्षी समुद्राच्या मोहिमांवर निघे. जाळी टाकणं, खोली मोजणं, नमुने रंगवणं हे सगळं तो स्वतः करी. जलरंगात हात चांगला होता. गोव्यातल्या माणसाला हा चेहरा परका नव्हता: 1903-04 मध्ये पोर्तुगीज इंडियासाठी पाडलेल्या रुपयावर याच दों कार्लोसचं मस्तक होतं. पणजी-मडगावच्या बाजारात तो रुपया फिरत होता त्याच 1904 साली त्याचं शार्कवरचं पुस्तक लिस्बनला छापून निघालं. त्यात त्याने पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळालेल्या एका लांब नाकाच्या शार्कला नवी जात म्हणून नाव दिलं, ओडोन्टास्पिस नासुतस. वर्णनकर्ता म्हणून शास्त्रीय याद्यांत राजघराण्याचं नाव लागतं: ब्रागान्सा.

तो मासा म्हणजे योकोहामाचाच. राजाला ते उमगलं नाही यात नवल नाही. त्या वेळी जपानबाहेर हा मासा असेल असं कोणाला वाटलं असतं? पण दोन्ही किनाऱ्यांत एक साम्य होतं आणि ते योगायोगाचं नव्हतं. सेतुबाल आणि सेसिंब्राचे कोळीही सागामीच्या कोळ्यांसारखेच लांब दोरीच्या गळांनी खोल पाण्यात मासेमारी करत. 1843 मध्ये एडवर्ड फोर्ब्सने मांडलं होतं की साधारण साडेपाचशे मीटरखाली समुद्रात जीव नाही. त्याच सुमाराला सेतुबालचे लोक त्याहून खोल पाण्यातून शार्क काढून त्यांच्या यकृताचं तेल विकत होते. 1864 मध्ये लिस्बनच्या बार्बोझा दु बोकाजेने तिथल्या कोळ्यांकडून काचतंतूंचा स्पंज मिळवला. तशाच जातीचा स्पंज तोवर फक्त जपानचा मानला जाई. विद्वानांनी खोल समुद्राला निर्जीव ठरवलं तेव्हा दोन्हीकडचे कोळी तिथून पोट भरत होते. कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

1 फेब्रुवारी 1908 रोजी लिस्बनच्या चौकात उघड्या गाडीतून जात असताना दों कार्लोस आणि युवराज दोघेही गोळ्यांना बळी पडले. तीन वर्षांच्या आत राजेशाहीच गेली. त्याचा संग्रह आज लिस्बनच्या वास्को द गामा मत्स्यालयात आहे.

राजाने दिलेल्या नावाला मागून आणखी नावं येऊन मिळाली. 1909 मध्ये जॉर्डनी, 1912 मध्ये म्युनिकहून डोफ्लाइनी, 1937 मध्ये मित्सुकुरी. सगळे एकाच माशाचे अवतार. याचं कारण शास्त्रज्ञांचा उतावळेपणा नव्हे, मेलेला मासा हे आहे. खोलीतून ओढून काढलेला हा शार्क वर येतो तेव्हा जबडा कधी पूर्ण बाहेर पडलेला असतो, कधी अर्धा, कधी आत गेलेला. त्याप्रमाणे तोंडाची ठेवण, नाकाची लांबी, डोळ्यांचं अंतर, सगळी मापं बदलतात. नाक मऊ, स्पिरिटमध्ये आक्रसतं. रंगाचंही तेच. ताजा मासा गुलाबी असतो. तो रंग कातडीचा नाहीच. कातडी अर्धपारदर्शक आहे आणि तिच्याखालच्या रक्तवाहिन्या दिसतात म्हणून तो गुलाबी. बाटलीत काही काळाने तो तपकिरी, राखाडी होतो. चित्रकारांनी समोर होतं ते काढलं: जबडे कायम पुढे वासलेले, रंग मळका, चेहरा राक्षसाचा. विश्वकोशांतून, पोरांच्या पुस्तकांतून तोच चेहरा सर्वत्र गेला. एखाद्या माणसाची ओळख केवळ शवागारातल्या फोटोवरून व्हावी, तसं हे शंभर वर्षं चाललं.

शरीर मात्र शवविच्छेदनातूनही बरंच बोलतं. यकृत शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शाइतकं आणि तेलाने भरलेलं, त्यामुळे पोहण्याचा खटाटोप न करता मासा पाण्यात तरंगत राहू शकतो. स्नायू पिळदार नाहीत, सांगाडा नीट कडक झालेला नाही, शेपटीचा खालचा भाग जवळजवळ नाहीसा. म्हणजे वेगाने पाठलाग करणारा हा शिकारी नव्हे. नाकाच्या खालच्या बाजूला विजेच्या अतिशय मंद लहरीही टिपणाऱ्या सूक्ष्म छिद्रांची रांगच्या रांग आहे. अंधारात शेजारून जाणाऱ्या माशाच्या स्नायूंतून निघणारी वीज त्याला कळते. त्या भुताच्या नाकाने खणायचं काम नाही, ते ऐकण्यासारखं इंद्रिय आहे. पोटात सापडतात ते खोल पाण्यातले मासे, माकूळ, कोळंबीची भावंडं. साधारण 270 ते 960 मीटर खोलीवर तो राहतो, पण समुद्रतळाच्या एका तारेत त्याचा दात रुतलेला मिळाला तो 1,370 मीटरवर. तारेतून वीज जाते. तिला तो शिकार समजला असावा.

मग कोडं उभं राहतं. आळशी शरीराचा, दुबळ्या शेपटीचा हा मासा चपळ माकूळ पकडतो कसा? उत्तर जबड्यात असणार हा अंदाज जुनाच होता. पण जबडा किती पुढे येतो, किती वेगाने येतो, मेलेल्या माशावरून हे सांगायचं कसं? आणि जिवंत मासा हाती लागत नव्हता. जपानातल्या तोकाई विद्यापीठाने एक आठवडाभर जगवला. 2007 मध्ये टोकियोच्या एका मत्स्यालयात आणलेला दोन दिवसांत गेला. 

उलगडा कॅमेऱ्याने केला. 2008 आणि 2011 मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीच्या पथकाला समुद्रातच दोन जिवंत माशांचं चित्रण करता आलं. दोघांनी मिळून पाच वेळा दंश केला. होक्काइदो विद्यापीठाचे काझुहिरो नाकाया आणि सहकाऱ्यांनी त्या चित्रफितींची चौकट न्‌ चौकट मोजली आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. मासा हळूहळू सरकत येतो तेव्हा जबडे आत, नाकाखाली, शहाण्यासारखे मिटलेले असतात. म्हणजे शंभर वर्षं चित्रात दिसलेला चेहरा हा त्याचा चेहराच नव्हे. सावज जवळ आलं की खालचा जबडा आधी मागे आणि खाली जातो, तोंड विलक्षण मोठं उघडतं. मग दोन्ही जबडे एकदम पुढे सुटतात. वेग सेकंदाला 3.14 मीटरपर्यंत, शरीराच्या लांबीच्या 8.6 ते 9.4 टक्के अंतर. दीड मीटरच्या माशात हे अंतर तेरा-चौदा सेंटिमीटर भरतं. शार्कमध्ये एवढ्या दूर आणि एवढ्या झपाट्याने जबडा फेकणारा दुसरा नाही. ताणलेले स्नायुबंध एकदम सुटून ही फेक होते असं मानतात, म्हणून शास्त्रज्ञांनी या पद्धतीला गलोलीचं नाव दिलं. मासा जागचा फारसा हलत नाही, तोंड जातं.

त्यात अजून एक विचित्र गोष्ट सापडली. दंशानंतर जबडे परत आत येत असताना खालचा जबडा मध्येच पुन्हा उघडतो आणि पुन्हा मिटतो. दुसऱ्या कुठल्याही शार्कमध्ये किंवा माशात असं नोंदलं गेलेलं नाही.

मुळात मोठे मासे फार कमी दिसतात. टोकियोजवळच्या समुद्री घळीत मिळतात ती बहुतेक पिल्लंच. 2000 मध्ये मेक्सिकोच्या आखातात एक मादी मिळाली, तिची लांबी साडेपाच ते सहा मीटर असावी असा अंदाज झाला. तोवर हा मासा चार मीटरच्या आसपास थांबतो असं मानलं जात होतं. 2014 मध्ये फ्लोरिडाच्या कोळंबी पकडणाऱ्या बोटीला दुसरा सापडला. खलाशांनी मोबाइलवर फोटो काढून तो पाण्यात सोडून दिला. दात पाहून मोजपट्टी घेऊन जवळ जायला कोणी धजावलं नाही. त्याआधी एप्रिल 2003 मध्ये तैवानच्या वायव्येला थोड्याच काळात शंभरावर शार्क जाळ्यात आले होते. तिथे तोवर हा मासा माहीतही नव्हता. नुकताच मोठा भूकंप झाला होता एवढंच लोकांना सांगता आलं. म्हणजे दुर्मीळ हा शब्दही जपूनच वापरायला हवा. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीतही तो चिंतेचा मासा नाही, कारण त्याच्या पाण्यात आपली जाळी अजून कमी पोचतात.

पण पोचू लागली आहेत. सव्वाशे वर्षांत गाभण मादी एकही अभ्यासकांच्या हाती आली नव्हती. या माशाची पिल्लं किती होतात, केवढी जन्मतात, काहीच ठाऊक नव्हतं. जून 2023 मध्ये तैवानमध्ये तळ खरवडणाऱ्या जाळ्याच्या बोटीने 4.7 मीटर लांब, सुमारे 800 किलोंची मादी धक्क्यावर आणली. पोटात सहा पिल्लं होती. तिथल्या एका संग्रहालयाने ती विकत घेतली, आणि तळाची जाळी बंद करा अशी मागणी करणाऱ्यांनी तिचाच फोटो फिरवला.